मक्यावर मका

त्या हंगामात गिरणीवाल्याला सगळ्यात जास्त त्रास झाला तो शांततेचा. बाहेर कान किटतील एवढा आवाज होता. कापणीची यंत्रं शेताशेतांतून घरघरत होती, मक्याने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक नदीपलीकडच्या कारखान्याकडे चालले होते आणि त्यांची धूळ गिरणीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बसत होती. पण दारात कोणी थांबत नव्हतं. आत मोटर गप्प, पट्टा सैल पडलेला आणि गिरणीवाला रिकाम्या पोत्यांच्या चळतीवर बसून रस्त्याकडे बघतोय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा ट्रॅक्टर मोजतोय. त्याला ट्रॅक्टरशी काही देणंघेणं नव्हतं. तो डबा घेतलेल्या माणसाची वाट बघत होता.

एके काळी याच दारात दळणाच्या डब्यांची रांग लागायची. बायका नंबरावरून भांडायच्या, मुलं पिठात हात घालून एकमेकांची तोंडं रंगवायची, आणि गिरणीवाला सगळ्यांवर ओरडायचा. तेव्हा गाव मका पिकवायचं, खायचं आणि उरला तर विकायचं. मग मक्यापासून गाड्यांचं इंधन करणारा कारखाना आला. कारखान्याने बियाणं आपलं दिलं, भाव आधी ठरवून दिला, कापणीचं यंत्र बांधावर आणून उभं केलं. आता मका शेतातून परस्पर जातो. आलेल्या पैशातून लोक दुकानातून पिठाची पिशवी आणतात, तीही पांढरीशुभ्र, चाळलेली. त्यांचं काही चुकतं असं गिरणीवालाही छातीठोकपणे म्हणू शकत नव्हता. तो फक्त म्हणायचा, "मोटारीचा चारा पिकवताय." हे त्याने एकदा भर सभेत म्हटलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा सख्खा धाकटा भाऊ त्याच्याशी कामापुरतंच बोलत होता.

धाकट्याची सगळी जमीन कारखान्याच्या मक्याखाली होती. गिरणीची खोली मात्र दोघांच्या सामाईक मालकीची, बापाने ठेवलेली, रस्त्याला लागून. कारखान्याला तिथे खरेदी केंद्र हवं होतं. लहान शेतकऱ्यांनी पोती आणायची, ओलावा तपासायचा, वजन करायचं, तिथूनच गाडी भरायची. धाकट्याने भावाला सरळ सांगितलं होतं, "एक जरी गिऱ्हाईक येतंय तोवर मी तोंड उघडणार नाही. ज्या दिवशी कोणीच येणार नाही, त्या दिवशी तू दार उघडू नकोस."

आणि गिऱ्हाईक खरंच एकच उरलं होतं. कंपाउंडरची बायको.

कंपाउंडर म्हणजे गावच्या दवाखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. डॉक्टर बदलत गेले, हा राहिला. तापाला लाल औषध, पोटाला पांढरं, आणि दोन्हींबरोबर पाऊण तास गप्पा. त्या बोलक्या माणसाच्या अन्ननळीत गाठ निघाली होती. बाईंनी परसात चार ओळी पांढरा मका लावलेला असायचा. त्यातलाच लहान डबाभर घेऊन त्या चार-पाच दिवसांनी गिरणीत यायच्या. दळण होईपर्यंत पोत्यांवर बसायच्या आणि घरी ज्याच्याशी बोलायचं तो आता बोलत नाही म्हणून इथे बोलून घ्यायच्या. त्या गिरणीवाल्याला भाऊजी म्हणायच्या, तो त्यांना वहिनी. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लांब दिलेली. आठवड्यातून एक-दोनदा ही बाई येऊन बसायची, तेवढंच काय ते माणसाचं बोलणं त्याच्या वाट्याला यायचं. ती येणार त्या दिवशी तो गिरणी दोनदा झाडायचा.

त्या सकाळी मात्र बाईंच्या आधी धाकट्याची बायको आली. डोक्यावर अर्धं पोतं, पदर कमरेला खोचलेला. ती दारातच म्हणाली, "दादा, कोंबड्यांसाठी भरडा काढून द्याल का? यंत्राखाली सांडलेला गोळा केलाय."

गिरणीवाल्याने पोत्यात हात घातला. पिवळाजर्द, एकसारखा, कारखान्याचा दाणा. एरवी तो म्हणाला असता, हा घेऊन मोटारीत घाल. पण दारात माणूस उभा होता, दळण घेऊन. त्याच्या तोंडून निघालं, "ये की. दारात का उभी?"

पट्टा चढला, मोटरने सूर धरला आणि खोली पुन्हा गिरणीसारखी झाली. धाकटी आवाजावर आवाज चढवून बोलत राहिली. घराला नवीन पत्रे घातलेत, थोरल्या मुलाला शहरात कॉलेजात घातलंय, मका ओला निघाला की कारखाना पैसे कापून घेतो, त्यावरून नवरा रोज चिडचिड करतो. गिरणीवाला हूं हूं करत होता. भरडा पोत्यात पडला तशी ती उठली.

"तुम्ही जेवायला या ना दादा एकदा. ते बोलत नाहीत म्हणून मीही बोलायचं नाही का?"

"येईन," तो म्हणाला. येणार नव्हता, पण ऐकायला बरं वाटलं.

ती उंबरा ओलांडते न ओलांडते तोच कंपाउंडरच्या बाई आल्या. नेहमीसारख्या बसल्या नाहीत. डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "लवकर द्या भाऊजी. ह्यांना एकटं ठेवून आलेय. कालपासून पोटात काही नाही. घोट घेतला की बाहेर येतो."

डब्यात दोन ओंजळी दाणे होते. गिरणीचा एक रिवाज असतो. धान्य बदललं की पुढच्या गिऱ्हाइकाचे पहिले मूठभर दाणे दळून टाकून द्यायचे. त्याला गिरणीचा घास म्हणायचं. गव्हावर तांदूळ आला तर घास, तांदळावर डाळ आली तर घास. गव्हावर गहू असेल तर घास लागत नाही, आणि मक्यावर मका असेल तरी लागत नाही. गिरणीवाल्याने मूठ भरायला हात घातला आणि डब्याचा तळ बघून काढून घेतला. एवढ्यातलं मूठभर टाकून द्यायचं तर बाईंच्या पदरात काय पडणार? शिवाय मक्यावर मकाच होता. उभ्या गावाला हा मका मकाच नव्हे म्हणून सांगत फिरणाऱ्या माणसाच्या हाताने त्याला मकाच मानलं, आणि दाणे थेट वरच्या पत्र्याच्या तोंडात ओतले.

पीठ जरा पिवळसर पडलं. बाईंनी बघितलं नाही. झाकण लावून त्या जवळजवळ पळतच गेल्या.

गिरणीच्या पोटात शेवटी राहतं ते ओंजळभर पीठ गिरणीवाल्याचं. संध्याकाळी त्याने ते ब्रशने झाडून घेतलं आणि आधण ठेवलं. रोजचंच जेवण, पीठ पाण्यात वैरायचं, मीठ टाकायचं, घट्ट होईपर्यंत ढवळायचं. पीठ घट्ट झालं, डावाला चिकटायला लागलं. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत सुटलं. घट्ट गोळा सैल झाला, सैलाचा पातळ, पातळाचं पाणी. त्याने डब्यातलं आपलं पीठ आणखी घातलं. तेही घट्ट झालं आणि सुटलं. चूल मोठी केली, लहान केली, डाव बदलला. शेवटी पातेल्यात पेजेहून पातळ असं काहीतरी हलत होतं. त्याने चाखून बघितलं. साखर नसताना गोडसर.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. कारखान्याचा मका शिजवला की आपणच आपल्याला विरघळवतो, तिथे टाकीत लवकर पातळ व्हावा म्हणून मुद्दाम तसा काढलाय, हे धाकट्याने मागे कौतुकाने सांगितलं होतं. दगडात राहिलेल्या मूठभराने हे केलं होतं. आणि तेच पीठ उपाशी माणसाच्या घरी गेलं होतं.

तो न जेवता निजला. झोप कसली. बाई डबा परत आणून आपटतील, गावभर सांगतील, आणि सांगतीलच कशाला, नुसतं यायचं बंद करतील. गिरणी जाईल याची भीती होती, पण त्याहून जास्त भीती त्या पोत्यांवर पुन्हा कोणी बसणार नाही याची होती. ही गोष्ट त्याने स्वतःशीही धड कबूल केली नाही.

सकाळी तो डोक्याला रुमाल गुंडाळून निघाला. कापलेल्या मक्याचे खुंट वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे होते, चपलेला टोचत होते. काय बोलायचं ते त्याने वाटेत दहादा जुळवलं. चूक झाली वहिनी. दळण बदलून देतो. पीठ टाकून द्या.

बाईंनी दार उघडलं आणि त्याला बघताच त्यांचा चेहरा फुलला. "तुम्ही? अहो, मीच येणार होते तुमच्याकडे."

खोलीत औषधाचा आणि ओल्या कपड्याचा वास होता. खिडकीखाली लोखंडी खाट. कंपाउंडर मावून खाट उरली होती, एवढा तो आटला होता. गळ्याच्या शिरा वर आलेल्या, गालांच्या जागी खड्डे. त्याने उशीवरून दोन बोटं उचलली. पूर्वी हा माणूस रस्त्याच्या पलीकडून हाक मारायचा.

"काल वाटीभर गेलं," बाई म्हणाल्या. "वाटीभर, भाऊजी! इतके दिवस मी पाणी घालघालून पातळ करायची. पातळ केलं की नुसतं पाणी, अंगाला काही लागायचं नाही. घट्ट ठेवलं की अडकायचं. काल पीठ नेहमीएवढं घातलं, जास्तच घातलं म्हणा ना, आणि शिजून असं पातळ झालं की चमच्याने सरसर उतरलं. गोड लागतंय म्हणून खूण केली ह्यांनी. रात्रभर झोपले. तुम्ही दळायची तऱ्हा बदललीत का? बारीक लावलीत?"

गिरणीवाल्याच्या जिभेवर आलेलं सगळं तिथेच राहिलं.

"असंच देत जा," त्या म्हणाल्या. "असंच हवं."

त्यांनी त्याच्यासमोर चमचा भरला. कंपाउंडरने तोंड उघडलं, डोळे मिटून घेतले, गळ्याची घाटी वर गेली, थांबली आणि खाली आली. तिघंही त्या गळ्याकडे बघत होते, कंपाउंडरसुद्धा जणू बाहेरून बघत असावा तसा. घोट आत राहिला. बाईंनी पदराने त्याची हनुवटी पुसली आणि दुसरा चमचा भरला.

गिरणीवाला बाहेर पडला तेव्हा त्याला आनंद झाला होता आणि स्वतःची लाजही वाटत होती. ज्याला आपण जन्मात धान्य म्हटलं नाही, त्यानेच ह्या माणसाला जेवू घातलं. आणि आपण खरं सांगितलं नाही.

बाईंना पुढचं दळण लागेपर्यंत तो मका मिळवायला हवा होता. तो मिळायची जागा एकच.

धाकट्याच्या शेतात यंत्र चाललं होतं. ताटं आडवी होत होती, दाणा टाकीत पडत होता, मागे भुसा उडत होता. धाकटा बांधावर कमरेवर हात ठेवून उभा. भावाला येताना त्याने पाहिलं आणि पुन्हा यंत्राकडे बघायला लागला.

"थोडा मका हवा होता," गिरणीवाला म्हणाला.

"कसला?"

"हाच."

धाकट्याने मान वळवली. "मोटारीचा चारा?"

गिरणीवाल्याने मान डोलावली.

"कशाला हवाय?"

"कोंबड्यांना."

"कोंबड्या आहेत तुझ्याकडे?"

"घेणार आहे."

धाकटा हसला, पण ते हसणं पूर्ण झालं नाही. बरेच दिवस साठलेलं त्याच्या तोंडावर आलं. "दादा, तू सगळ्यांसमोर मला बोललास. माणसाच्या तोंडचा घास काढून यंत्राला घालतोय म्हणालास. आठवतंय? मग मला सांग, आपण खायचा मका पिकवत होतो तेव्हा कोण धावत आलं होतं घ्यायला? खळ्यावर पडून पडून त्याला बुरशी आली. बाबा व्यापाऱ्याच्या दारात दिवसभर बसायचे, आठवतंय? त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही. शहरातल्या माणसाला माझा मका खायचा नव्हता. त्याच्या गाडीला हवाय, तर मी देतो. माझ्या पोराची फी भरली जाते. ह्यात मी कोणाचा घास काढला?"

"सगळ्यांनीच हाच पेरला तर खायचा कोण पेरणार?"

"ज्याला परवडेल तो."

"आणि उद्या दुकानातल्या पिशवीचा भाव वाढला तर?"

"वाढलाच आहे," धाकटा म्हणाला. "मला माहीत नाही असं वाटतं तुला? पिशवी मीही आणतोच ना." त्याने मानेवरचा भुसा झटकला. "पण उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे का?"

गिरणीवाला यंत्रामागे पडत जाणाऱ्या कणसांकडे बघायला लागला. मग धाकटा म्हणाला, "टाकीतला देता येत नाही. करार आहे. एक दाणा बाहेर द्यायचा नाही, खायला तर नाहीच. खाली पडलेला घे हवा तर. बायकोही तोच नेते."

म्हणून साठी ओलांडलेला थोरला भाऊ धाकट्याच्या शेतात यंत्रामागून वाकून कणसं वेचत गेला. खुंटांनी पोटऱ्या खरचटल्या. भुसा मानेत घुसून खाजत होता. कंबर धरली तसा तो गुडघ्यांवर बसून पुढे सरकायला लागला. यंत्र चालवणारा परगावचा माणूस वळणावर थांबला आणि ओरडला, "ओ बाबा, बाजूला व्हा! मजुरांना मालकाने सांगितलं नाही का?" धाकटा बांधावरून काही बोलेल असं वाटलं. तो काही बोलला नाही. गिरणीवाला बाजूला झाला, यंत्र गेलं की पुन्हा मागे लागला. उन्हं उतरली तेव्हा त्याच्या धोतराच्या ओच्यात थोडी कणसं जमली होती.

बाई आल्या तेव्हा पिवळे दाणे सोलून तयार होते. त्या पोत्यांवर बसल्या आणि सांगू लागल्या. आज ह्यांनी उशीला टेकून बसायला मागितलं, खिडकी उघडायला लावली, शेजारच्या मुलीला खुणेने विचारलं की खोकला कसा आहे. बाई हसत होत्या. गिरणीवाल्याने त्यांचे पांढरे दाणे ओतले, मग पाठ त्यांच्याकडे करून वरून मूठभर पिवळे टाकले. पीठ पडलं. त्याने मोटर बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

डबा त्यांच्या हातात दिला की झालं असतं. पण हातातून डबा सुटेना.

"वहिनी, ह्यात कारखान्याचा मका आहे."

त्यांना कळलं नाही.

"त्या दिवशीही होता. चुकून गेला. त्याच्यामुळेच पातळ होतं ते. बारीक दळण वगैरे काही नाही." तो घाईघाईने बोलत सुटला. "आज मी मुद्दाम घातलाय. तो खायचा नाही, करारातच तसं आहे. कोंबड्या खातात, धाकट्याची गाय खाते, मीही त्या दिवशी खाल्ला थोडा. पण खायचा नाही म्हणतात."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते हळूहळू गेलं. "विषारी आहे?"

"नाही. पण मला काय कळतं त्यातलं?"

"आणि तुम्ही माझ्या घरी येऊन, त्यांना चमच्याने देताना बघून, काही बोलला नाहीत."

"नाही बोललो."

त्यांनी झाकण काढून चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं. मग त्या म्हणाल्या, "शहरातले डॉक्टर मला म्हणाले, बाई, आता जे जाईल ते द्या. मी मान हलवली आणि आले. जे जाईल ते म्हणजे काय, हे विचारायचं धाडस झालं नाही मला." त्यांनी त्याच्या हातातून डबा घेतला. "जातंय ना हे. पुढच्या वेळीही घाला. पण मला तेव्हाच सांगायला हवं होतंत, भाऊजी. तुमच्याशिवाय कोणाच्या भरवशावर मी घरातून बाहेर पडते?"

त्यानंतरही त्या येत राहिल्या, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. पण पोत्यांवर बसल्या नाहीत. पायरीशी उभ्या राहायच्या, रस्त्याकडे तोंड करून. डबा घेतला की "येते" म्हणायच्या. गिरणीवाला विचारायचा, "कसे आहेत?" त्या म्हणायच्या, "जातंय." खरं बोलून त्याने गिऱ्हाईक राखलं होतं आणि सोबत घालवली होती. तो तरीही त्या दिवशी गिरणी दोनदा झाडायचा.

थंडी पडली. शेतं रिकामी झाली, यंत्रं दुसऱ्या मुलखात गेली. एका सकाळी बाईंच्या शेजारची मुलगी धावत सांगत आली, कंपाउंडर गेला. झोपेत गेला, उपाशी गेला नाही एवढंच समाधान. अख्खं गाव लोटलं. प्रत्येकाने कधी ना कधी त्याच्या हातचं लाल औषध प्यायलं होतं. अंगणात माणसं उकिडवी बसली होती आणि दबक्या आवाजात त्याचे विनोद एकमेकांना सांगत होती. धाकटाही आला होता. बाईंनी त्याला बघितलं आणि रडता रडता म्हणाल्या, "तुमच्या मक्यावर राहिले हो ते इतके दिवस."

धाकटा गोंधळला. मग त्याने भावाकडे पाहिलं.

परत येताना दोघं एकाच वाटेने चालले.

"कोंबड्या म्हणालास," धाकटा म्हणाला. "खरं सांगितलं असतंस तर पोतं आणून टाकलं असतं दारात. करार गेला खड्ड्यात."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मग तुझं बरोबर ठरलं असतं."

धाकट्याने खालच्या खुंटाला लाथ मारली. "त्या दिवशी तो तुला मजूर म्हणाला. मी ऐकलं होतं."

"मला माहीत आहे."

गिरणीवाल्याचं घर आलं तसा धाकटा उगाच थांबला. चल जेवायला, असं म्हणायचं असावं. म्हणाला नाही. थोरल्यानेही ये म्हटलं नाही. घरात काय होतं ये म्हणायला?

बाईंचं दळण बंद झालं. एकदा गिरणीवाला त्यांच्याकडे जाऊन आला. खाट उचललेली, खिडकीखाली फरशीचा तेवढाच चौकोन वेगळ्या रंगाचा. चूल थंड होती. "एकटीसाठी काय रांधायचं?" त्या म्हणाल्या. "शेजारची देते काहीतरी." त्याला कळत होतं. त्याला वर्षानुवर्षं कळत होतं. तो बसला तसाच उठला.

धाकट्याने तोंड उघडलं नाही. ठरल्याप्रमाणे आता त्याला खोली मागता आली असती. कारखान्याचा माणूस दोनदा विचारून गेला तेव्हा, "आहे अजून एक गिऱ्हाईक," असं त्याने सांगितल्याचं गिरणीवाल्याच्या कानावर आलं. ते ऐकून त्याला जास्तच एकटं वाटलं. तो गिरणीत गेला, मोटर चालू केली, दगड रिकामे फिरले. रिकाम्या दगडांचा आवाज फार वाईट असतो, दातावर दात घासावेत तसा. त्याने बंद केली आणि धाकट्याच्या घरी जाऊन किल्ली पुढे केली.

"घाई नाही," धाकटा म्हणाला.

"मला आहे."

किल्ली घेताना धाकट्याची मान खाली होती. आत्तापर्यंत त्याला हीच खोली हवी होती, आणि आता तिची किल्ली हातात आल्यावर कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बसायला माणूस लागणारच आहे तिथे. ओलावा बघायला. तूच बस ना. परक्याला कशाला बसवायचं?"

पुढच्या हंगामात केंद्र सुरू झालं. गिरणी कोपऱ्यात सरकवून वर ताडपत्री टाकली. पोत्यांच्या चळतीच्या जागी वजनकाटा आला, दाराशी टेबल, टेबलावर ओलावा मोजायचं लहानसं यंत्र. त्यात मूठभर दाणे टाकायचे, आकडा येतो, तो मोठ्याने सांगायचा. काम अगदी सोपं. पहाटेपासून माणसं यायला लागली. कोणी डोक्यावर पोतं घेऊन, कोणी सायकलवर, कोणी हातगाडीवर. दारापासून रस्त्यापर्यंत रांग. नंबरावरून भांडणं. मुलं दाण्यांत हात घालत होती. "दादा, माझं आधी घ्या." "दादा, कालही परत पाठवलंत, आज तरी." उभ्या गावाला पुन्हा त्याच्याशी बोलायचं होतं. दुपारपर्यंत त्याचा घसा बसला. एकाही पोत्यात कोणाच्या घरचं जेवण नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडे बस थांबायची. त्या दिवशी बसमधून कोणीतरी हाक मारली. खिडकीत कंपाउंडरच्या बाई होत्या, मांडीवर गाठोडं. आपल्या परगावच्या लेकीकडे कायमच्या चालल्या होत्या. इतक्या दिवसांनी त्या हसत होत्या, पूर्वी पोत्यांवर बसून हसायच्या तशा.

"भाऊजी! केवढी गर्दी!"

तो टेबलामागून उठून दारापर्यंत आला. "झाली खरी."

"दळायला आलेत सगळे?"

रांगेतल्या पुढच्या माणसाने त्याच्यासमोर मुठीतले पिवळे दाणे धरले होते. बसने आवाज केला, हलायला लागली. बाई खिडकीतून बाहेर वाकून उत्तराची वाट बघत होत्या.

"हो," गिरणीवाला ओरडला. "दळायलाच!"

"बरं झालं बाई! मला तुमचीच काळजी लागून राहिली होती."

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो दारात उभा राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, दादा, बघताय ना, आणि त्याने वळून हात पुढे केला.